फोनला घरात एक जागा द्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात टेलिफोनला जागा होती. जिन्याखालच्या कोपऱ्यात उंच स्टूल, त्यावर आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल, बाजूला खिळ्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल आणि नंबरांची वही. घंटी वाजली की माणूस हातातलं काम ठेवून फोनपाशी जायचा, उभ्या उभ्या बोलायचा आणि परत आपल्या कामाला लागायचा. फोन तिथून हलायचा नाही.

आता फोनला घरात ठरलेली जागाच उरलेली नाही, म्हणून तो सगळीकडे असतो. उशीखाली असतो, ओट्यावर कणकेच्या डब्याला टेकवलेला असतो, जेवताना ताटाशेजारी असतो, संडासातही असतो. गेली दोन वर्षं मी स्वतःवर आणि घरातल्यांवर बरेच प्रयोग केले. "आजपासून कमी करायचा" असा निश्चय किती वेळा केला आणि किती वेळा मोडला याची मोजदाद नाही. शेवटी उपयोगी पडलं ते एवढंच, की फोनची जागा ठरवली. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

ज्यांना पहिल्यांदाच फोन कमी करून बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फोन टाकून द्या असं मी सांगणार नाही. गॅसचा नंबर लावणं, लाइटबिल, मुलांच्या शाळेचे निरोप, परदेशातला भाऊ, सगळं त्यातच आहे. प्रश्न आहे तो या कामांच्या आगेमागे आपण त्यात जे तासन्‌तास घालवतो त्याचा.

माझे डोळे कशानं उघडले ते आधी सांगते. सासूबाई दुपारी खिडकीशी बसून ब्लाउजला हूक लावत होत्या. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. "अगं, एवढं ओवून दे बरं," म्हणाल्या. मी म्हटलं, "एक मिनिट हं, आई." मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. दोऱ्याचं टोक थुंकी लावून लावून पिंजलेलं, सुई ब्लाउजच्या काठाला टोचून ठेवलेली, आणि ब्लाउज घडी करून पिशवीत. त्या आत जाऊन पडल्या होत्या. रागावल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस दोरा ओवून घ्यायला त्या शेजारच्या वहिनींकडे जात होत्या. मला सांगणंच त्यांनी सोडून दिलं होतं.

फोनच्या अतिरेकाचे परिणाम म्हटले की आपल्याला डोळे, मान आणि झोप आठवते. ते खरंच आहे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मानेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जननी २०१४ मध्ये हिशोब मांडला होता: ताठ मानेवर डोक्याचा भार साधारण ५ किलोचा, पण मान ६० अंशांत झुकवली की तोच भार २७ किलोच्या आसपास जातो. पण घरात सर्वांत आधी होतो तो परिणाम या "एक मिनिट"चा. समोरची माणसं हळूहळू आपल्याला काही सांगायचं बंद करतात. आणि ते कधी बंद झालं हे आपल्याला कळतही नाही.

पहिले तीन दिवस: फक्त मोजा

काहीही बदलू नका. नेहमीसारखाच फोन वापरा आणि मोजा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'. दोन्ही सोयी २०१८ पासून आहेत, पण मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी त्या एकदाही उघडलेल्या नव्हत्या. तिथे तीन गोष्टी पाहा: दिवसाचे एकूण तास, कुठल्या अ‍ॅपवर किती, आणि फोन किती वेळा उघडला.

तिसरा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझे तास होते ५ तास ४० मिनिटं, त्यानं लाज वाटली. पण फोन उघडला होता ११२ वेळा. म्हणजे जागेपणी दर आठ-नऊ मिनिटांनी एकदा. पोळी लाटताना, पुस्तक वाचताना, कुणाचं ऐकताना, कुठलंही काम मी सलग दहा मिनिटं केलंच नव्हतं. सारखं थकल्यासारखं का वाटतं याचं उत्तर त्या आकड्यात होतं.

सोबत एक कागद ठेवा. हात फोनकडे गेला की तेव्हा काय चाललं होतं ते दोन शब्दांत लिहा. "कुकरची वाट." "जाऊबाईंशी बोलून झालं." "कंटाळा." "झोप येत नाही." तीन दिवसांत तुमचा नकाशा तयार होतो. माझे फसण्याचे वेळ दोनच निघाले: दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेदहानंतर. बाकीच्या दिवसाशी भांडायची गरजच नव्हती.

हे इतकं चिकटतं का

ही पायरी नाही, पण हे समजलं नाही तर आपण स्वतःलाच दोष देत बसतो. जत्रेतलं सोरट आठवा. प्रत्येक चिठ्ठीला बक्षीस लागलं असतं तर दोन चिठ्ठ्यांत कंटाळा आला असता. कधीच लागलं नसतं तर कुणी फिरकलं नसतं. कधी लागतं, कधी नाही, म्हणून आणखी एक चिठ्ठी काढावीशी वाटते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच पाहिलं होतं. दाणा नेमका कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की कबूतर बटणावर चोच मारत राहतं. रीलचं अगदी तसंच आहे. पाच टुकार जातात, सहाव्याला हसू येतं, आणि त्या सहाव्यासाठी आपण पुढच्या पन्नास बघतो.

पूर्वी वेबसाइटचं पान संपायचं, 'पुढचं पान' असं दाबावं लागायचं. त्या क्षणी माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये एझा रॅस्किन या डिझायनरनं न संपणारं पान बनवलं, ज्यात खाली सरकवत गेलं की येतच राहतं. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्यानं तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. २०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केल्या. अ‍ॅप गेलं, सवय तशीच राहिली.

आणि कधीकधी सवय खऱ्या गरजेतूनच लागते. २०२४ च्या ऑगस्टात आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आमच्या सोसायटीचा ग्रुप हाच आधार होता. दूध कुठे मिळतंय, कुणाकडे पाणी शिरलंय, कुठल्या रस्त्यावर मगर दिसली, दर पाच मिनिटांनी बघावंच लागत होतं. पाणी ओसरलं, गाळ काढून झाला, लाइट आले. माझा हात मात्र दर पाच मिनिटांनी ग्रुपकडे जातच राहिला. गरज आठवड्याची होती, सवय वर्षभर पुरली.

चौथा दिवस: जागा

आता खरं काम. घरात अशी एक जागा शोधा जिथे उठून जावं लागेल, पण फोनची घंटी सगळीकडे ऐकू येईल. पॅसेज, बैठकीच्या खोलीतलं कपाट किंवा दाराशी चपलांच्या कपाटावरची फळी चालेल. स्वयंपाकघर नको, झोपायची खोली नको, जेवणाचं टेबल तर मुळीच नको. चार्जर तिथेच कायमचा लावा आणि घरातले बाकीचे चार्जर उचलून ठेवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पलंगाशेजारी चार्जर असला की रात्री दहाला "चार्जिंग संपलंय" हे निमित्त होतं आणि फोन तिथे पोचतो.

जागा कंबरेच्या उंचीची असावी आणि जवळ खुर्ची नसावी. फोन उभ्यानं वापरायचा. गॅसचा नंबर लावायला दोन मिनिटं उभं राहता येतं, पण उभ्यानं पाऊण तास रील बघवत नाहीत, पाय बोलायला लागतात. आमच्याकडे मी जुन्या घरातलंच स्टूल आणलं. क्रोशाचा रुमालही आहे. लेकीला आधी ते फार जुनाट वाटलं. आता तिच्या मैत्रिणी आल्या की त्यांनाही फोन तिथेच ठेवायला सांगते.

"पण महत्त्वाचा फोन आला तर?" हे प्रत्येक जण विचारतो. घंटी मोठ्या आवाजात ठेवा. ज्याला खरंच काम आहे तो फोन करतो. माझे मिस्टर मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत आहेत, रात्री मशीन बंद पडलं तर त्यांना जावं लागतं. त्यासाठी 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये ठरावीक नंबरांना मुभा देता येते. कारखान्याचे दोन नंबर, दोघांचे आईवडील आणि लेक, एवढेच आम्ही आत घेतले आहेत. एकच माणूस थोड्या वेळात दोनदा फोन करत असेल तर घंटी वाजू द्यायची अशीही सोय त्यात आहे, ती चालू ठेवा.

आणखी एक खरेदी करावी लागेल: गजराचं घड्याळ. मंगळ बाजारात सहज मिळतं. "गजरासाठी फोन लागतो" म्हणून तो उशाशी येतो, आणि गजर बंद करता करता पहाटेच साठ मेसेज वाचून होतात. घड्याळ आलं की ही वाट बंद होते. मनगटी घड्याळही पुन्हा वापरायला काढा. वेळ बघायला फोन उघडायचा आणि दहा मिनिटांनी वेळ न बघताच ठेवायचा, हे तुमच्याही बाबतीत झालं असेल.

नोटिफिकेशन: एका बैठकीत संपवा

एखाद्या रविवारी अर्धा तास काढा. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडा आणि वरून खाली येत बंद करत जा. कसोटी एकच: यामागे माझ्यासाठी थांबलेला खरा माणूस आहे का? फोन, साधे मेसेज, बँक, शाळा हे चालू ठेवा. सेल लागलाय, अमक्यानं फोटो टाकला, तमक्याला तुमची आठवण येते आहे, असलं सगळं बंद. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप 'नेहमीसाठी' म्यूट करा आणि आर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे ते वर येऊन खुणावत नाहीत. ग्रुप सोडायची गरज नाही, कुणाला वाईटही वाटत नाही. माझे भिशीचा, सोसायटीचा, माहेरचा आणि सासरचा असे चारही ग्रुप आर्काइव्हमध्ये आहेत. संध्याकाळी सहाला स्टुलापाशी उभी राहून बघते. आजवर कुठली बातमी हुकली नाही. कुणी गेलं, कुणाला मूल झालं, असं काही असलं की लोक फोन करतातच.

अ‍ॅपची वाट लांब करा

खातं बंद करायची घाई करू नका. नवशिके बहुधा इथेच चुकतात. रागाच्या भरात सगळं डिलीट करतात आणि चौथ्या दिवशी परत आणतात. त्याऐवजी तिथपर्यंत पोचणं अवघड करा. इन्स्टाग्राम आणि फेसबुकची अ‍ॅप काढून टाका आणि लागेल तेव्हा ब्राउझरमधून पासवर्ड टाकून उघडा. पासवर्ड फोनला लक्षात ठेवू देऊ नका, वहीत लिहा. तो टाइप करायला लागणारे पंधरा सेकंद तुम्हाला विचारतात, "खरंच हवंय का?" निम्म्या वेळा उत्तर नाही असं येतं.

यूट्यूबची गोष्ट वेगळी, कारण ते कामालाही लागतं. त्यात वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग उघडल्यावर शिफारशींची रांग दिसत नाही, पान कोरं राहतं, आणि हवं ते शोधूनच बघावं लागतं. ऑटोप्लेही बंद करा. उकडीच्या मोदकाची पारी कशी करायची ते बघायला गेलात तर ते बघूनच परत याल.

पडदा कृष्णधवल करायची सोयही असते. काहींना तिचा खूप उपयोग होतो, मला झाला नाही. करून बघा, आठ दिवसांत कळेल.

रात्र

रात्री साडेनऊला फोन जागेवर, सकाळचा चहा होईपर्यंत हात लावायचा नाही. पडद्याच्या उजेडानं मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक उशिरा पाझरतं. पण माझ्या अनुभवात उजेडापेक्षा मजकूरच झोप उडवतो. कुणाची तरी जळजळीत कॉमेंट वाचून दिवा बंद केला तरी डोकं तासभर तिला उत्तरं देत बसतं.

रिकामा झालेला वेळ कुठे ठेवायचा

ही पायरी गाळलीत तर वरचं सगळं पंधरा दिवसांत मोडेल. दिवसाला दोन-तीन तास मोकळे होतात आणि ते पहिल्यांदा अंगावर येतात. माणूस घरात नुसता फेऱ्या मारतो.

आपण बडोद्यात राहतो, आणि या बाबतीत या गावासारखं भाग्य नाही. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नव्हतं अशा गावांत लाकडी पेट्यांमधून पुस्तकं जायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. मला त्या पेट्यांचं फार कौतुक वाटतं. लोक वाचत नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना बोल लावला नाही, पुस्तक त्यांच्या हाताजवळ नेऊन ठेवलं. हाताशी असतं तेच माणूस उचलतो. फोन दूर स्टुलावर ठेवायचा आणि पुस्तक उशाशी, हे त्यातूनच सुचलं.

मांडवीकडचं सेंट्रल लायब्ररी आजही चालू आहे, मराठी विभाग आहे. कपाटांच्या लोखंडी रांगा आणि पायाखालची काचेची जमीन बघायला तरी मुलांना एकदा न्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा पानं सलग वाचता येईनात. चौथ्या ओळीलाच मन भटकायचं, परत मागे यावं लागायचं. घाबरू नका, तसं होतंच. दिवसाला पाच पानांपासून सुरुवात करा, तीही छोट्या गोष्टींची किंवा ललित लेखांची. महिन्याभरात तीस-चाळीस पानांची बैठक परत येते. मला पाच आठवडे लागले.

वाचायची आवड नसेल तर हाताला काम द्या. विणकाम, भाजी निवडणं, कुंड्या, हार्मोनियम, कॅरम. दोन्ही हात गुंतलेले असले की फोन उचलता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. पायांना काम द्यायचं तर पहाटेची कमाटीबाग आहे, संध्याकाळी सूरसागरच्या काठानं फेरी आहे. फिरायला जाताना फोन घरीच ठेवा. बायकांना सुरक्षिततेसाठी हवासा वाटतो, ते बरोबरच आहे. मग पिशवीत तळाशी, चेन लावून. कमाटीबागेत मी एकटीच जायचे ते आता शेजारच्या वहिनी आणि मी अशा दोघी जातो. त्यांनीच मला सांगितलं की सासूबाई दोरा ओवायला त्यांच्याकडे येतात. हातात फोन असता तर आमचं एवढं बोलणं झालंच नसतं.

मुलं

माझी लेक दहावीला आहे. तिला मी पुष्कळ लेक्चरं दिली. एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "आई, आधी तू ठेव." मी ठेवला. तिनं लगेच ठेवला नाही, अकराव्या दिवशी ठेवला. म्हणून क्रम हाच: आधी मोठ्यांचे फोन स्टुलावर, मग मुलांचे. उलट्या क्रमानं केलंत तर घरात पोलिसगिरी सुरू होते.

लहानग्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय: दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, जितका कमी तितका बरा. भरवताना फोन लावून देणाऱ्या आयांना मी दोष देत नाही, त्यांना मदतीला दुसरं कुणी नसतं. पण त्या घरात आजीआजोबा असतील तर त्यांनी तो एक घास-घास भरवण्याचा अर्धा तास आपल्या अंगावर घ्यावा. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली आहे. आपल्याकडे काय होईल ते होवो, पण तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःच्या चेहऱ्याची जगाशी रोज तुलना करणं मुलींना किती जड जातं ते घरात दिसतं. लाइक कमी आले म्हणून जेवण अर्धं टाकून उठलेली पोर मी पाहिली आहे. तिला "एवढं काय त्यात" म्हणू नका. तिच्यासाठी ते खरंच तेवढं असतं.

सगळ्यांनी एकदम करायचं असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचा कित्ता गिरवा. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. गावाला जमतं ते तीन खोल्यांच्या घराला जमतं. आमच्याकडे भोंगा नाही, देवापाशी दिवा लागला की फोन स्टुलावर जातात आणि जेवणं होईपर्यंत तिथेच राहतात.

घरातली मोठी माणसं

सासऱ्यांचं वय ७८. दिवसभर सुप्रभात, सुविचार, औषधी काढे असं फॉरवर्ड करतात. त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका. त्यांचे निम्मे मित्र गेलेत, उरलेले घराबाहेर पडत नाहीत. तो ग्रुप हाच त्यांचा कट्टा आहे. त्यांच्यासाठी आम्ही एवढंच केलं की संध्याकाळी कुणीतरी त्यांच्याजवळ बसून पेपरातली बातमी त्यांच्याकडून ऐकतं. पूर्वी ते मोठ्यानं वाचून "ऐकलंस का?" विचारायचे. उत्तर येईना म्हणून वाचायचं थांबले होते. आता परत वाचतात. फसवणुकीबद्दल मात्र त्यांना स्पष्ट सांगा: व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा. हे आमच्याकडे स्टुलाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

पहिला आठवडा कसा जातो

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड होते. खिशात काही नसताना फोन थरथरल्याचा भास होतो. हात आपोआप पदराशी, पर्सशी जातो. लिफ्टमध्ये, रांगेत, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघताना काय करावं कळत नाही. काहीच करू नका, उभे राहा. पाचव्या-सहाव्या दिवशी झोप सुधारते. मला तर दुसऱ्या आठवड्यात पहाटे स्वप्नं आठवायला लागली.

सणांत घसरण होते, ती धरून चाला. नवरात्रात नऊ रात्री गरबा, आणि प्रत्येक फेरीचा व्हिडिओ. मी लेकीशी ठरवलंय की रोज पहिल्या पाच मिनिटांत काय फोटो काढायचे ते काढायचे, मग फोन पिशवीत आणि पिशवी माझ्याकडे. उत्तरायणला आमच्या गच्चीवर फोन चढतच नाहीत. डोळे आभाळाकडे आणि फिरकी हातात असली की त्याची आठवणही होत नाही. उंधियू आणायला गेलेल्यानं तेवढा फोन न्यावा.

सवयीच्या पुढे गेलं असेल तर

वर सांगितलं ते सवयीसाठी आहे. काहींचं त्याच्या पुढे गेलेलं असतं. फोन काढून घेतला की अंगावर धावून जाणं, शाळा-कॉलेज-नोकरी बुडणं, रात्र रात्र जागणं, आंघोळ-जेवण सुटणं, खेळात पैसे लावून कर्ज होणं, किंवा "जगण्यात अर्थ नाही" असं बोलणं. इथे स्टूल आणि क्रोशाचा रुमाल पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, तेही लवकर. गेमिंगच्या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या रोगांच्या यादीत स्थान दिलंय. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पुष्कळदा फोनच्या खाली उदासी किंवा भीती दडलेली असते, आणि ती बरी व्हायला लागली की फोनही सुटायला लागतो. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मोडलं तर

मोडेलच. गेल्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो, तिथे स्टूल नव्हतं, आणि परत आल्यावर माझा आकडा पुन्हा चार तासांवर गेला होता. अशा वेळी नवा निश्चय करू नका. तीन गोष्टी तपासा: चार्जर दुसऱ्या खोलीत गेलाय का, अ‍ॅप अपडेट झाल्यावर नोटिफिकेशन परत चालू झालीत का, आणि उशाशी पुस्तक आहे की संपलंय. बहुतेक वेळा यांतलंच एक काहीतरी असतं.

मी दर महिन्याच्या एक तारखेला दुधाचा हिशोब करते. त्याच वेळी स्टुलापाशी उभी राहून फोनचे दोन आकडे बघते आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते. या महिन्यात १ तास २० मिनिटं, ३४ वेळा. त्या खाली लेक तिचे लिहिते. सासूबाईंना त्या आकड्यांचं काही नाही. त्यांनी आता सुयांची डबीच स्टुलावर, फोनशेजारी आणून ठेवली आहे. सकाळी फोन बघायला उभी राहिले की आधी त्यांच्या तीन-चार सुयांत दोरे ओवून ठेवते, पांढरा, काळा आणि त्या दिवशी लागेल तो.